मी घर नाही, गाडी आहे

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. पुन्हा सांगते, गाडी. माझ्याकडं बघून तुम्हाला हसू येईल, कारण मला दार आहे, खिडकी आहे, डोक्यावर पत्रा आहे आणि आत एका बाईला लेकरू कुशीत घेऊन पाय पसरता येतील एवढी फळ्यांची बाज आहे. पण जरा खाली वाकून बघा. चार चाकं आहेत की नाही? मग झालं तर! मला कुणी घर म्हटलं की माझं डोकं फिरतं. आणि खुराडं म्हटलं, तर विचारूच नका.

माझा जन्म चौतीस सालचा, कनेरगावच्या नाक्याजवळचा. नाक्यापुढं पैनगंगा, आणि पैनगंगेपलीकडं वऱ्हाड. तो इंग्रजांचा मुलूख, अलीकडचा निजामाचा. नाका दिवस मावळला की बंद व्हायचा तो सकाळीच उघडायचा. त्यामुळं हिंगोलीकडून कापूस, सरकी, तूर भरून आलेल्या बैलगाड्या रात्री अलीकडच्या मोकळ्या माळावर सुटायच्या. त्या माळाला पडाव म्हणायचे. तीन कडुलिंब आणि एक विहीर, बाकी सगळं उघडं आभाळ. गडीमाणसं भाकरी खायची, गाडीखाली घोंगडी टाकायची आणि घोरायला लागायची. त्यांचं काय, त्यांना कुठंही झोप लागते.

पण गाडीत बाईमाणूस असलं म्हणजे? कुणी सासरी निघालेली, कुणी माहेरी, कुणी आजारी लेकराला घेऊन वाशीमच्या डाक्टरकडं. ती बिचारी चाकाला पाठ लावून, डोक्यावरून पदर घट्ट ओढून रात्रभर बसून राहायची. चारी बाजूंना परके पुरुष. लुगडं बदलायला आडोसा नाही, लेकराला पाजायला आडोसा नाही. पहाट झाली की पुन्हा दिवसभर गाडीत हादरे खायचे. अशा किती बायांनी किती रात्री जागून काढल्या असतील, कुणी मोजल्यात का?

पडावामागच्या वस्तीत बद्रुद्दीन मिस्त्री राहायचे. मूळचे शिरड शहापूरचे. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मोडक्या गाड्या दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. हाताला गुण असा, की त्यांनी बसवलेली चाकाची लोखंडी धाव चार उन्हाळे ढिली व्हायची नाही. स्वभावानं मात्र अगदीच मऊ. त्याची सगळी भरपाई त्यांच्या बायकोनं, कमरुन्निसानं केली होती. ती ठेंगणी, सावळी, आवाजानं खणखणीत. गाडीवाले तिला भाबी म्हणायचे आणि तिच्या तोंडाला जरा भिऊनच असायचे.

एका सकाळी कमरुन्निसा विहिरीवर गेली, तर एक तरणी बाई पाणी ओढता ओढता उभ्यानं पेंगत होती. हातातला दोर सुटला आणि घागर धपकन विहिरीत गेली.

"अगं बया, रात्री झोपली न्हाईस का?" कमरुन्निसानं विचारलं.

"कुठं झोपू, भाबी? झोपायला आधी कडी लावायला दार तर पायजे."

बस, एवढंच बोलणं झालं. पण कमरुन्निसाच्या डोक्यात ते दार जे शिरलं ते काही बाहेर निघेना. तिनं त्याच आठवड्यात पडावाच्या कडेला मातीची भिंत घालायला घेतली. भिंत गुडघ्याएवढी झाली तोवर नाक्याचा शिपाई आला आणि त्यानं ती लाथेनं पाडली. पडावावर एक पाटी होती. तिच्यावर दोनच गोष्टी लिहिल्या होत्या. एक, पडावाच्या जमिनीवर घर बांधू नये. दोन, कोणतीही गाडी एका जागी एका रात्रीपेक्षा जास्त उभी राहू नये.

कमरुन्निसानं ती पाटी शिपायाकडून तीनदा वाचून घेतली. घरी आली आणि नवऱ्याला म्हणाली, "अजी, जमिनीवर बांधू देत न्हाईत ना? मग जमिनीवर बांधूच नका. चाकावर बांधा."

मिस्त्री दोन दिवस नुसते हसत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी करवत काढली.

दोन मोडक्या गाड्यांची चार चाकं माझ्या पायाशी आली. सांगाडा बाभळीचा, फळ्या रॉकेलच्या खोक्यांच्या, वरचा पत्राही रॉकेलच्याच डब्यांचा, ठोकून सपाट केलेला. पहिला महिनाभर मला त्या वासानं मळमळायचं. लांबी साडेसहा हात, रुंदी चार हात. दाराची कडी मात्र मिस्त्रींनी हिंगोलीच्या लोहाराकडून मुद्दाम घडवून आणली. जाड, अंगठ्याएवढी, आणि ती त्यांनी आतल्या बाजूला बसवली. बाहेरून कडी नाहीच. शेजारचे खाजा मिया बघायला आले. म्हणाले, "मिस्त्री, बाहेरून कडी काहून न्हाई लावली? बाया आत कोंडून तर घेतील, पण आपल्याला उघडायचं झालं तर?"

"आपल्याला उघडायचंच न्हाई," कमरुन्निसा म्हणाली. खाजा मियांनी टोपी डोक्यावर सारखी केली आणि चहा न घेताच गेले.

माझं भाडं ऐकून तुम्ही पुन्हा हसाल. संध्याकाळी मूठ-दोन मूठ ज्वारी, असली तर. नसली तर नाही. आणि सकाळी निघण्याआधी आपल्या गाडीचे बैल मला जुंपायचे आणि दहा पावलं ओढून द्यायचं. ते मात्र चुकवायचं नाही. पाटीवर लिहिलं होतं ना, एका जागी एकच रात्र! मी रोज रात्री नव्या जागी उभी. आज विहिरीकडं, उद्या लिंबाकडं, परवा परत विहिरीकडं. असा सारा पडाव मी वर्षातून कितीदा तरी फिरून यायची. नाक्याचे अंमलदार यायचे, मला दहा पावलं सरकताना बघायचे आणि मिशीत हसून जायचे. त्यांना काय, नियम पाळला जात होता.

अडतीस साली तापाच्या साथीत बद्रुद्दीन मिस्त्री गेले. रिवाजाप्रमाणं चार महिने दहा दिवस कमरुन्निसा घराबाहेर पडली नाही, पण रोज सकाळी दारातून ओरडून विचारायची, "खोली हलवली का रे?" खोली म्हणजे मी, तिला तेवढं माफ. हलवली म्हटल्यावरच तिच्या तोंडात घास जायचा. मला त्या दिवसांत फार रडू आलं, पण गाडीला रडता येत नाही, नुसतं कुरकुरता येतं. मी कुरकुरायची तेव्हा गाडीवाले म्हणायचे, वंगण संपलं वाटतं.

माझ्यात झोपून गेलेल्या बाया मी विसरलेले नाही. एक नवी नवरी रात्रभर एकटीच हसत होती, कशाला ते तिनं मला सांगितलं नाही. एका म्हातारीनं आत आल्या आल्या कडी लावली, काढली, लावली, काढली, असं दहा वेळा केलं आणि मग म्हणाली, "साठ वर्साची झाले, पैल्यांदा म्या कडी लावली." तिच्या घरात सगळ्या कड्या सासऱ्याच्या आणि नवऱ्याच्या हातात होत्या. मित्रांनो, मोठमोठ्या हवेल्यांना नसेल एवढा मान मला त्या दिवशी मिळाला. माझा एक कोपरा गळायचा, हे मी कबूल करते. पण त्या कोपऱ्याबद्दल एकाही बाईनं तक्रार केली नाही.

आता नाक्यावरच्या एका अंमलदाराची गोष्ट. एक्केचाळीस सालच्या उन्हाळ्यात तो नवा आला. गोरा, उंच, फेटा कडक. माणूस मुळात वाईट होता असं मी म्हणणार नाही. पण त्याचा मेहुणा पाहुणा म्हणून आला आणि त्याला उघड्यावर ऊन लागलं, म्हणून अंमलदारानं शिपाई पाठवला, की खोली रिकामी करा, साहेबांचे पाहुणे झोपतील. त्या दिवशी माझ्यात गोवर आलेली पोरगी आणि तिची आई होती. कमरुन्निसा माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"साहेबास्नी सलाम सांग. म्हणावं, ही बायांची खोली हाय. पाव्हण्याला लुगडं नेसायचं आसंल तर पाठवून द्या."

बाई गं! शिपाई तेच शब्द जसेच्या तसे जाऊन सांगून आला, त्याला अक्कल नव्हती. तेव्हापासून अंमलदार माझ्याकडं बघून 'वो खुराडा' म्हणायला लागला. रोज सकाळी तो स्वतः यायचा. आदल्या संध्याकाळी शिपाई माझ्या चारी चाकांपुढं आणि मागं चुन्याच्या रेघा मारून जायचा. सकाळी चाकं रेघांच्या आत सापडली, तर ही गाडी नाही, घर आहे, आणि घर असेल तर पाडायचं. पण सापडतील कशी? गाडीवाले पहाटेच बैल जुंपून मोकळे व्हायचे. सारा उन्हाळा, सारा आषाढ त्यानं चुना घालवला.

मग श्रावण आला आणि आमची चूक झाली. चूक कमरुन्निसाची होती, पण मी 'आमची' म्हणते.

दरवर्षी पोळ्याला पडाव रिकामा असायचा. पोळा म्हणजे बैलांचा सण. त्या दिवशी कुणी गाडीवाला रस्त्यावर राहत नाही, जो तो बैल घेऊन आपल्या गावी पोचतो. आधीचे अंमलदारही त्या दिवशी फिरकायचे नाहीत. त्यामुळं पोळ्याच्या दिवशी मी हलले काय न हलले काय, कुणी बघायला नसायचं, आणि कमरुन्निसाच्याही ते डोक्यातून गेलेलं. पण त्या वर्षी पैनगंगेला पूर आला. चार दिवस नदी ओलांडायला उतार मिळेना. सोळा गाड्या पडावावर अडकल्या, त्यात सात बायाही.

त्यात एक गोजरबाई होती, वऱ्हाडातली. लेकीला, सुमनबाईला, पहिल्या बाळंतपणासाठी हिंगोलीकडच्या गोरेगावच्या सासरहून माहेरी घेऊन निघालेली. दिवस अजून पंधरवडाभर होते म्हणे. सुमन माझ्यात झोपायची आणि गोजरबाई दारात आडवी.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी गाडीवाल्यांनी पडावावरच खांदेमळणी केली. म्हणजे बैलांना गरम पाण्यानं न्हाऊ घालायचं, वर्षभर जू वाहून वाहून कडक झालेल्या त्यांच्या खांद्यांना लोणी आणि हळद चोळायची आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. त्या घटकेपासून बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही. जीव गेला तरी नाही.

नेमका तेव्हाच अंमलदार आला. शिपायानं रेघा मारल्या, नेहमीपेक्षा जाड. अंमलदार छान हसला.

"कल सुबह देखेंगे," तो म्हणाला आणि मग सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत, "उद्या उन्हं वर आली आणि चाकं जागेवरच असली, तर कुऱ्हाडी आणून ठेवल्यात. आणि ज्या गाडीवाल्यानं हात लावून हे खुराडं ढकललं, त्याची गाडी नाक्यावर पंधरा दिवस उभी. माल भिजला, कुजला, तर माझ्याकडं रडत यायचं नाही."

कमरुन्निसाचा चेहरा तेव्हा पडलेला मी पहिल्यांदा पाहिला.

ती तातेरावाकडं गेली. तातेराव सगळ्या गाडीवाल्यांत वडीलधारा. सात वर्षं त्याच्या ढवळ्या-पवळ्यानं मला ओढलं होतं. त्यानं तिला येताना पाहिलं आणि आधीच हात जोडले.

"भाबी, माझा जीव माग. पण उद्या बैल जुंपाय लावू नको."

"म्या कुठं म्हन्ले बैल जुंप?"

"तसं मी एकटा खांदा दिला आस्ता. पर बारा पोती तूर हाय गाडीत, आन् ती माझी एकल्याची न्हाई. गावाची हाय."

त्याचे डोळे भरून आले होते. कमरुन्निसा मागं फिरली. ती येऊन माझ्या चाकाशी बसली आणि पहिल्यांदाच मिस्त्रींना शिव्या दिल्या. "मरताना मला चार बैल तरी ठिऊन जायचे!" म्हणाली.

कोंबडं आरवलं आणि आत सुमनला कळा सुरू झाल्या.

मित्रांनो, आता माझी काय अवस्था झाली असेल बघा. पोटात पंधरवडाभर आधी येऊ घातलेलं लेकरू, बाहेर दोन कुऱ्हाडी. गोजरबाईनं लेकीचा हात धरला आणि कडी लावून घेतली. तेवढ्यात मिराबाई आली. ती जवळच्या तांड्यावरची लमाण बाई. रोज लाकडाची मोळी विकायला पडावावर यायची, आणि तांड्यावरची अर्धी लेकरं तिच्याच हातून झालेली. ती आत गेली, बाहेर आली आणि म्हणाली, "हिला आता हलवता येनार न्हाई. झाडाखाली तर न्हाईच न्हाई."

उन्हं लिंबाच्या शेंड्यावर आली. अंमलदारही आला. आतला आवाज त्याच्या कानावर गेला, तो जरा चाचरला, पण मागं कसं हटणार? सोळा गाडीवाले बघत होते. "बाईला झाडाखाली न्या. सतरंजी मी देतो," म्हणाला. ही त्याची माया!

तेव्हा कमरुन्निसा उठली. पदर कमरेला खोचला आणि माझ्या पुढच्या जुवाला जाऊन भिडली.

"साहेब, गाडीवाल्यानं हात लावला तर त्याची गाडी धरनार म्हन्ले ना तुमी?"

"हां."

"आन् बाईनं लावला तर काय धरनार? आमच्या नावावर कुनी कवा गाडी केली? गाडी न्हाई, बैल न्हाई, वावर न्हाई. धरा काय धरायचं ते!"

असं म्हणून तिनं ओढलं. मी जागची हलले नाही. मला फार लाज वाटली. चार दिवसांच्या पावसानं माझी चाकं काळ्या चिखलात चांगली वीतभर रुतली होती. मिराबाईनं डोक्यावरची मोळी खाली टाकली आणि दुसऱ्या बाजूनं जू धरलं. मग अडकून पडलेल्या बाया एकेक करून उठल्या. एकीनं अंगावर पितं लेकरू दुसरीकडं दिलं, त्या दुसरीनं ते तिसरीकडं, शेवटी ते एका गाडीवाल्याच्या मांडीवर जाऊन पडलं आणि तो बिचारा त्याच्याकडं बघतच राहिला. तांड्यावरून मिराबाईच्या दोन जावा पळत आल्या. नऊ जणी झाल्या. पुन्हा ओढलं. मी करकरले, पण चाक काही फिरेना.

मग तातेराव उठला. त्यानं मला हात लावला नाही, लावणार नव्हता. आपल्या गाडीखालून त्यानं एक वाटी काढली. कालच्या खांदेमळणीचं लोणी-हळद उरलं होतं त्यात. ती वाटी त्यानं बायांच्या पुढं जमिनीवर ठेवली आणि हात जोडले.

"बायांनो, आज खांदा तुमचा हाय. आधी ह्ये लावून घ्या."

बैलाचं लोणी बाईच्या खांद्याला! पण मिराबाईनं दोन बोटं बुडवली आणि कमरुन्निसाच्या खांद्यावर चोळली. कमरुन्निसानं मिराबाईच्या. मग सगळ्याजणींनी एकमेकींच्या. उरलेला लोण्याचा गोळा मिराबाईनं माझ्या चाकांच्या कण्यांत कोंबला. सात वर्षांत मला एवढं चांगलं वंगण कधी मिळालं नव्हतं, खरं सांगते.

"आता ताणा गं," कमरुन्निसा म्हणाली. "आन् हळू. आत लेक हाय."

नऊ हळदीचे खांदे जुवाला आणि मागच्या फळीला लागले. मी दात-ओठ खाल्ले. मला दात नाहीत, ओठ नाहीत, तरी खाल्ले. डावं पुढचं चाक चिखलातून पचकन निघालं, मागोमाग उजवं. एक पाऊल, दोन पावलं. चुन्याची रेघ चाकाखाली चिरडली. आत सुमन ओरडत होती आणि बाहेर बाया ओरडत होत्या, कोण कशासाठी ओरडतंय ते कळायचं बंद झालं. पाच पावलं. एक बाई घसरून पडली, उठली. सात. आठ. मिराबाई लमाणीत काहीतरी म्हणत होती, बहुतेक शिव्याच. नऊ. दहा!

थांबल्या. धापा टाकत तिथंच चिखलात बसल्या.

अंमलदार म्हणाला, "ये नहीं चलेगा. गाडी बैल ओढतात. ही बायांनी ओढली."

कमरुन्निसा बसल्या जागेवरून बोलली, उठायचं त्राण तिच्यात नव्हतं. "पाटीवर बैल लिवलाय का, साहेब? आमाला तर वाचता येत न्हाई. तुमीच वाचून दाखवा. मोठ्यानं वाचा, समद्यास्नी ऐकू जाऊ द्या."

तो पाटीकडं गेला खरा. बराच वेळ तिच्याकडं बघत उभा राहिला. वाचलं मात्र नाही. शिपाई वही घेऊन मागं उभा होता. तो अक्कलशून्य माणूस त्या दिवशी माझ्या फार कामाला आला. त्यानं विचारलं, "साहेब, काय लिहू?"

नेमकं तेव्हाच आतून लेकराचं रडणं ऐकू आलं. चांगलं खणखणीत, कमरुन्निसाच्या वळणाचं. गोजरबाईनं आतून ओरडून सांगितलं, "पोरगी झाली व्हो!"

अंमलदारानं फेटा सारखा केला. "गाडी लिही," म्हणाला, आणि नाक्याकडं चालायला लागला. कुऱ्हाडी तिथंच राहिल्या. तातेरावानं त्यातल्या एकीनं दुपारी सरपण फोडलं.

त्या दुपारी पडावावर पुरण शिजलं. वस्तीतून गूळ आणि डाळ आली. पोळ्याचा रिवाज असा, की वर्षभर ज्यानं ओढलं त्याला आधी जेवू घालायचं, माणसं नंतर. गाडीवाल्यांनी बैलांना ओवाळलं, पुरणपोळ्यांचं ताट भरलं, पण ढवळ्या-पवळ्यापुढं नेता नेता तातेराव मध्येच थांबला आणि वळला. नऊ बाया माझ्या सावलीत बसल्या होत्या, खांद्यांवर हळद तशीच. पहिलं ताट त्यानं त्यांच्यापुढं ठेवलं. बाकीचे पंधरा जण त्याच्यामागं रांगेत ताटं घेऊन आले. बायांनी हात लावेपर्यंत एकही गडी जेवायला बसला नाही.

कमरुन्निसानं पहिला घास मोडला आणि मग जी रडायला लागली ती कुणाला आवरेना. ज्या बाईच्या तोंडाला सोळा गाडीवाले भ्यायचे, ती पुरणपोळी हातात धरून लहान पोरीसारखी रडली. "काय झालं, भाबी?" तातेरावानं घाबरून विचारलं.

"काय न्हाई रे. आजवर मला कुनी आधी वाढलंच न्हवतं."

मित्रांनो, आता अठ्ठेचाळीस साल चालू आहे. तो अंमलदार कधीच बदलून गेला. मधल्या वर्षांत फार उलथापालथ झाली, निजामाचं राज्यही गेलं. यंदा तर पडाव महिनोन् महिने ओस पडला, कुणी इकडं पळालं, कुणी तिकडं. नाक्यावर आता नवी माणसं आहेत. जुनी पाटी वाऱ्यानं पडली, ती कुणी पुन्हा लावली नाही. परवा एक शहाणा कमरुन्निसाला सांगत होता, "आता कोन विचारतंय? चाकं काढून टाका, दगडावर ठिवा, आरामात राहील बिचारी." कमरुन्निसा म्हातारी झाली आहे, गुडघे गेले आहेत. तरी तिनं त्याला जे सुनावलं ते मी इथं सांगत नाही, तुम्ही लहान आहात.

मला आराम नको आहे. एका जागी उभं राहिलं की मला वाळवी लागते, फळ्या कुजतात आणि मग लोक म्हणतात, मोडकी आहे, चुलीत घाला. माझ्या चाकांच्या दोन आऱ्या तुटल्या आहेत, पत्र्याला भोकं पडली आहेत, गळका कोपरा होता तसाच गळका आहे. पण कडी शाबूत आहे. गाड्या कमी झाल्या तरी बाया अजून येतात, चालत येतात, त्यांच्याबरोबर बैल नसतात. कधी कधी सकाळी ओढायला कुणीच नसतं आणि कमरुन्निसा एकटीच जू धरून उभी राहते.

म्हणून तुम्हाला एवढंच मागते. माझी कीव करू नका, मला फुलं वाहू नका. कनेरगावच्या रस्त्यानं सकाळी कधी गेलात, तर पडावावर या. कण्यात बोटभर वंगण घाला आणि म्हातारीशेजारी खांदा लावा. दहाच पावलं. आणि दार आतून बंद असेल, तर जरा हळू ओढा. आत कुणीतरी झोपलेलं असेल.